रुंदी दोन फूट

वडाळ्याच्या पुलाखाली एक तिकोनी तुकडा उरला होता,
पुलाच्या हिशोबात न बसलेला.
उद्यान खात्याच्या कागदावर त्याला नाव नव्हतं,
नुसतं क्षेत्रफळ : एकशे बारा चौरस मीटर
आणि पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं, "काहीतरी करा."

ते काहीतरी माझ्याकडं आलं.
कनिष्ठ आरेखक, कंत्राटी.

आठवडाभर आधी विचारत फिरले :
एकटं बसायचं झालं तर तुम्ही कुठं जाता?
लोक हसले. मग आजूबाजूला बघून
आवाज खाली आणून बोलले.

सुगंधा बाईत, घर दहा बाय बारा, माणसं सात :
"एटीएममध्ये. गार असतं. कार्ड घालते, काढते, परत घालते.
काचेबाहेर कोणी उभं राहिलं की निघते."

तौफीक पार्सलं पोचवतो. तो म्हणाला, हेल्मेट.
सिग्नलला काच खाली करून
आत शिव्या देतो मोठ्यानं, कुणालाच नाही.

नववीतल्या एका मुलीनं नाव सांगितलं नाही.
ती लिफ्टनं बाविसाव्या मजल्यावर जाते आणि परत येते.
घर तिसऱ्यावर आहे.

मला आई आठवली, पिठाच्या गिरणीत थांबणारी.
"डबा ठेवून ये की," बाबा म्हणायचे.
ती दळण होईपर्यंत हलायची नाही.
त्या घरघरीत कुणी हाक मारली
तरी ऐकू येत नाही, एवढंच तिला हवं असणार.
पापण्यांवर पीठ घेऊन यायची,
झोप झाल्यासारखी.

मग मी बाक काढला. एका माणसाचा.
रुंदी दोन फूट, रस्त्याकडं पाठ.
समोर एक बहावा, मिठागराकडून येणारा वारा,
आणि एक कठडा :
बसलेल्याला झाकेल, उठल्यावर सगळं दिसेल असा.
बाईनं एकटीनं बसायचं
तर आडोसाही हवा आणि उघडंही हवं.
त्या कठड्याची उंची मी अकरा वेळा खोडली.

असे चार बाक.

बैठकीत वाळिंबे साहेबांनी गणित केलं :
एवढ्या जागेत चारच माणसं?
पोलीस चौकीचं म्हणणं, एकटा बसलेला इसम म्हणजे चौकशी आली.
कुणाला पाटीची काळजी : दोन फुटांत
नाव मावतं, हुद्दा मावत नाही.
मी म्हटलं, इथं कुणाला काही करायचं नाहीये, साहेब.
इतिवृत्तात ते असं आलं :
"आरेखकांना जागेचा उपयोग स्पष्ट करता आला नाही."

एक बाक मंजूर झाला.
उरलेल्या जागेत व्यायामाची यंत्रं, पिवळी-निळी.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी बघायला गेले.
बाकावर कोणीतरी होतं. मान तेवढी दिसत होती
आणि विटक्या गुलाबी ओढणीचं टोक.
यंत्रांवर तीन माणसं, हातपाय न हलवता बसलेली.
मी चौथी, सायकलीच्या पॅडलवर पाय टेकून.
बऱ्याच वेळानं लक्षात आलं,
ही रांग आहे.

या शहरात रांगेत उभं राहिलं की
पुढच्याच्या मुलीचं लग्न कुठवर आलंय ते कळतं.
इथं कुणी नंबरही विचारला नाही.

ओढणीवाली उठली. वळून बाकाकडं पाहिलं,
काही राहिलं नाही ना, असं.
पुढचा माणूस लगेच गेला नाही.
मिनिटभर त्यानं बाक रिकामा राहू दिला.

हे माझ्या नकाशात नव्हतं.

माझी पाळी आली तेव्हा पुलाचे दिवे लागले होते.
कठडा चार इंच जास्त चढलाय, गवंड्याचं काम.
बहावा लावलाच नाही, आळं तेवढं करून ठेवलंय,
त्यात चहाचे दोन कागदी कप.
डोक्यावरून गाड्या जात होत्या, एकसारख्या,
गिरणीसारख्या.

पाठीमागं पॅडल किरकिरलं.
मी लगेच उठले नाही.