काढलेली सावली

फिल्म सोसायटीच्या खुर्च्या करकरतात, तेवढाच आवाज.
पडद्यावर जर्मन गाव: दारं तिरकी,
धुराडी मोडक्या बोटांसारखी,
आणि खिडकीतून आत येतो सांगलीचा हळदवास.

शेजारी सिद्राम जिनगर. नाटक कंपनीचे पडदे रंगवायचे,
जंगल, राजवाडा, पुन्हा जंगल.
मध्येच माझा दंड धरतात:
"ती जिन्यावरची सावली बघ. पडलेली नाय, काढलीय."

"का?"

"दिवे परवडत नसतील. लढाई हरलेली माणसं.
आमचंबी रॉकेल संपलेलं, तासगावच्या मुक्कामात.
मग चुना कालवून मीच चांदणं काढलं फळ्यांवर.
सीतेचं काम करणारा गडी
त्यावर पाय द्यायला तयार होईना."

बाहेर गणपती पेठेत लाइट गेलेली.
म्हातारा शेवटच्या पायरीशी थांबतो,
धोतर जरा उचलतो,
काहीतरी ओलांडतो.