शेवटचं कडवं

राजव्वा इरबत्तीला लिहिता येत नव्हतं,
म्हणून मी लिहायचो.
चौथीत होतो. दर गाण्यामागे
एक लिमलेटची गोळी,
आणि ती मला मास्तर म्हणायची.

मांडीवर सूप, सुपात तंबाखू.
पत्र्याच्या मापावर पान कापत
ओळ सुचेपर्यंत गप्प.
सुचली की कात्री थांबायची.
मग पलीकडच्या मागांची खटखट
आपोआप ठेक्यात यायची,
निदान मला तसं वाटायचं.

'लिही, मास्तर.
हजार विड्या वळल्या बाई, धूर कुणाच्या दारी,
माझ्या चुलीत फुंकर घातली, राख उडाली सारी.'
मी ऱ्हस्व की दीर्घ विचारायचो.
'तुला दिसू लालंय तसं लिही बे.
गाताना कुठं दिसतंय ते?'

रडायची तेलुगूत, नवऱ्याशी भांडायची मराठीत,
किराणावाल्याकडे उधारी मागताना कन्नड.
गाण्यात तिन्ही यायच्या,
एकीनेही दारात चप्पल न काढता.

आकाशवाणीत ऑडिशनला साहेब म्हणाले,
उच्चार शुद्ध नाहीत.
ती म्हणाली, तंबाखू असते तोंडात, साहेब.
आणि घरी येऊन रात्री दोनपर्यंत विड्या वळल्या,
अर्धा दिवस बुडाला होता.

मग गड्डा.
मौत का कुआँच्या मागे फळ्यांचं स्टेज.
आत मोटारसायकल घरघरली की
ती वरचा सूर धरायची आणि सोडायची नाही.
तिथून अक्कलकोट, वैराग, इंडी,
टेम्पोत मौलालीच्या मांडीवर पेटी,
पेटीवर हिची पिशवी, कडक भाकरी, शेंगाची चटणी.
मानधन दीडशे.
सत्काराला शाल कुठली, सोलापूर आहे,
चादर मिळायची.
अकरा झाल्या. त्यातली एक दोरीवर टाकून
तिने एका खोलीच्या दोन खोल्या केल्या.

कॅसेट निघाली एक्क्याण्णवला.
मी तोवर बारावी नापास.
तिच्या प्रत्येक गाण्यात शेवटच्या कडव्यात
तिचं नाव असायचं, जुनी रीत,
'राजव्वा म्हणे' आणि मग जे काय म्हणायचं ते.
टेपची बाजू तीस मिनिटांची. गाणी मावेनात.
कंपनीच्या माणसाने सगळी शेवटची कडवी काढली.
कव्हरवर कुणीतरी हसरी बाई, केसात गजरा.
राजव्वाने कव्हर उलटंपालटं केलं.
म्हणाली, वाच.
मी वाचलं. किंमतसुद्धा वाचली.
'छाट निघाली म्हण की,' ती म्हणाली.

कारखान्यात चेकर वाकड्या विड्या बाजूला काढतो,
तिला छाट म्हणतात.
मजुरीतून कापतात.
विडी मात्र ठेवून घेतात.

परवा विजापूर रोडला एका लग्नात
डीजेवर तेच. धूर कुणाच्या दारी.
पोरं घामाघूम. नवरदेवाचा मामा आडवा पडून नाचत होता.
मी मोबाइलवर शोधलं.
गीत: पारंपरिक.

तिला जाऊन सांगितलं.
'म्हंजे?'
म्हटलं, कुणी लिहिलं ते ठाऊक नाही, फार जुनं आहे.
ती खोकली, मग हसली, मग दोन्ही एकदम,
मला पाणी आणावं लागलं.
'मरायच्या आधीच जुनी झाले की बे.
वही हाय का?'

आहे. ओल लागून निळी शाई फुगलीय,
काही पानं एकमेकांना सोडत नाहीत.
मी धूरवालं गाणं काढलं, खालपर्यंत आलो.
राजव्वा म्हणे,
आणि पुढे नुसता डाग.

वर पाहिलं.
तिची बोटं मांडीवर
नसलेलं पान वळत होती.
पलीकडचे माग भंगारात जाऊन वीस वर्षं झाली,
गल्लीत एक स्कूटर सुरू होईना.
कुणीतरी किक मारत होतं, मारत होतं.
तिची बोटं थांबली.

मी पेनचं टोपण काढलं.