सिंकखालची जागा

क्लाइपेदाच्या बंदरात एकतीस वर्षं
मी क्रेनच्या केबिनमध्ये बसून काढली.
खाली जहाजं, कोळसा, खताचे ढीग
आणि हेल्मेट घातलेली माणसं, तिळाएवढी.
शाळेत बाई सांगायच्या,
अंतराळवीर वर जाऊन आला, देव काही दिसला नाही.
मीही रोज वर जाऊन बघत होतो.
नव्हताच.
सीगल होते. आणि सीटमागच्या थर्मासमध्ये
चहा सोडून बाकी सगळं.

मग एका मार्चमध्ये कंटेनर
हातभर चुकला.
कुणी मेलं नाही. एवढंच सांगतो.
मला खाली बोलावलं,
आणि त्या एकशे बारा पायऱ्या उतरताना
कठडा मी धरला होता की कठड्यानं मला,
ते आजही सांगता येत नाही.

चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बैठक.
ओल्या कोटांचा वास, घडीच्या खुर्च्या,
एक रेडिएटर, मध्येच कण्हणारा.
"तुझ्याहून मोठं असं काहीतरी मान," म्हणाले.
मला हसू फुटलं.
माझ्याहून उंच या गावात
फक्त शेजारची क्रेन होती.

दांगुओले हसली नाही.
शाळेच्या स्वयंपाकघरात जन्मभर बीट सोललेली बाई,
नखांच्या कडा अजून लालसर.
तिच्या नावात आमच्या भाषेतलं आकाश आहे,
आणि तीच म्हणाली, वर बघू नकोस,
मान तेवढी आखडेल.
"बाटली कुठे लपवायचास?"
सिंकखाली. पाइपच्या मागे.
"मग गुडघे टेकायची सवय आहेच की तुला."

राग आला. तडक घरी गेलो.
एक्केचाळीस दिवस प्यायलो नाही, त्या रागावरच.
बेचाळिसावी ती जूनमधली सगळ्यात छोटी रात्र,
गवतात शेकोट्या, पोरींच्या डोक्यावर फुलांचे गजरे,
मेहुण्यानं नुसता ग्लास पुढे केला,
आणि जाग आली ती
स्मिल्तिनेच्या फेरीतल्या बाकावर. एका पायात बूट नाही.
फेरी तीच खाडी ओलांडत होती,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
माझं तिकीट कुणी काढलं होतं, देव जाणे.
(हे आपलं बोलायची रीत म्हणून.)

घरी येऊन सिंकखाली हात घातला.
गुडघे फरशीवर, गाल पाइपला,
थंडगार.
बोटं मागे मागे सरकत गेली.
धूळ. कोंब फुटलेला एक बटाटा.
त्यामागे काहीच नाही.
हात तिथेच राहिला, किती वेळ कोण जाणे.
मला प्रार्थना येत नव्हती.
आईला यायची, पण ती ओठ न हलवता म्हणायची,
तेव्हा भिंतींना खरोखरचे कान होते.
मी त्या काहीच-नाहीला म्हणालो,
आजचा दिवस.
पुढचं वाक्य सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

देव आहे का, ते मला विचारू नका.
रोज सहाला उठतो, वाकतो, हात घालतो.
जागा रिकामी असते.
कधी भीती वाटते, आतून उत्तर आलं तर.
कधी भीती वाटते, बाटलीच लागली तर.
पाइप गळत होता, तो मात्र
मध्ये एकदा दुरुस्त करून घेतला.

गेल्या हिवाळ्यात दांगुओले गेली.
चहाची किटली आता माझ्याकडे.
पहिल्या गुरुवारी तिनं मला अर्धाच कप दिला होता,
मनात म्हटलं, काय चिकट म्हातारी आहे.
काल मांतविदास आला, गोदीतला वेल्डर, एकोणतीसचा.
टेबलाला हात टेकला
तर बश्या वाजायला लागल्या.
मी त्याचा कप अर्ध्यावर थांबवला.
त्यानं कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
शिवी ओठांपर्यंत आली होती त्याच्या.
येऊ दे.
किटली जड असते. दोन्ही हातांनी उचलून
मी ती परत शेगडीवर ठेवली.