मोड

डंडीत मटकीला मोड यायला तीन दिवस लागतात.
ओलं फडकं, वर ताट, ताटावर खलबत्ता,
आणि सगळं बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांच्या उबेला.
मूठभर दाण्यांत पाच-सहा गणंग निघतातच.
मी मोजते. मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा.

नमुना चारशे एकोणीस. पुरुष. वय ब्याऐंशी.
व्यवसाय: तागाची गिरणी, मागांची दुरुस्ती.
अल्झायमर, अकरा वर्षं.
मेंदूचं वजन नऊशे ऐंशी ग्रॅम,
म्हणजे बराचसा माणूस
आधीच निघून गेलेला.

मी कापते ती जागा करंगळीएवढी,
समुद्रघोड्यासारखी वळलेली.
आत एक दातेरी कड. तिथं म्हणे
म्हातारपणीही नव्या पेशी फुटतात.
म्हणे, कारण भांडण अजून मिटलेलं नाही.
एका प्रयोगशाळेला हजारो दिसतात,
दुसरीला औषधालाही नाही.
डॉक्टर फार्कर म्हणतात, घड्याळाकडे बघ:
मरण आणि फॉर्मलिन यांच्यामध्ये फार तास गेले
की कोवळ्या पेशीवरची खूण पुसली जाते,
आणि मग नव्हतीच की होती
हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

चारशे एकोणीसला चार तास दहा मिनिटं.
बायकोनं फोन आधी आम्हाला केला होता,
मुलांना नंतर.

हिरव्या उजेडात मी डावीकडून उजवीकडे जाते.
पीळ बसून आत अडकलेले धागे,
खरकट्यासारखे वाळलेले डाग.
आयुष्यभर मागातला गुंता सोडवणारा माणूस.
मग एक. लांबुळकी, एका टोकाला शेपूट.
मग बराच वेळ काही नाही,
मी चहा पिऊन येते,
मग दोन जवळजवळ, कुजबुजल्यासारख्या.
दुपारपर्यंत सात.

प्रश्नावलीच्या शेवटी एक रिकामा चौकोन असतो:
आणखी काही?
बहुतेक जण तिथं रेघ मारतात.
तिनं निळ्या पेनानं लिहिलंय:
"मुलांची नावं गेली, मग माझं गेलं.
पण गेल्या फेब्रुवारीपासून समोरच्या धुराड्यावर
एक जॅकडॉ यायला लागला.
त्यानं जन्मात पक्ष्यांकडे पाहिलं नव्हतं.
चारच्या सुमारास खुर्ची खिडकीकडे वळवायचा
आणि तो आला की म्हणायचा, आला.
नाही आला तर वाट बघायचा.
हे तुमच्या कामाचं आहे का, मला माहीत नाही."

मलाही नाही. तक्त्यात त्याला रकाना नाही.
आणि हिशेबही जुळत नाही:
या सात फार तर काही आठवड्यांच्या,
पक्षी त्याच्या कितीतरी आधीचा.
तो ज्यांनी धरून ठेवला, ज्यांनी खरोखर धरला असेल तर,
त्या केव्हाच थोरल्यांच्या गर्दीत मिसळल्या
किंवा मेल्या. त्यांच्यावर खूण राहत नाही.
मग या कशासाठी फुटल्या?
घर असं आतून ढासळत असताना
कुठल्या पाहुण्याची तयारी चालली होती?

मोड येतो आणि मोडतं.
हा शब्द फार्करना समजावून सांगायला गेले
तर इंग्रजीत त्याचे दोन तुकडे झाले,
म्हणून सोडून दिलं.

चार वाजता खिडकीबाहेर अंधारच असतो,
खाडीवर पुलाचे दिवे तेवढे.
तरी मी खुर्ची वळवते. एकोणपन्नासाव्या वर्षी
राखाडी मानेचा एक पक्षी मला ओळखू येतो,
मराठीत त्याला काय म्हणतात कुणास ठाऊक.

तक्त्यात लिहिते: सात.
पेन्सिलनं, बाजूला, एक आठ आणि प्रश्नचिन्ह:
कडेला काहीतरी चकाकतंय,
धुळीचा कणही असेल.
उद्या परत बघीन.

घरी फडकं उघडते. दुसरा दिवस.
नाकाला ओला, हिरवट वास,
मोड अजून नाही,
पण दाणे कालच्यापेक्षा फुगलेत.
वरून हातानं पाणी शिंपडते
आणि कपाटाचं दार लावते, हळू,
आत कुणी झोपलंय अशी.