पान दोनशे अकरा

दर गुरुवारी कल्लाप्पा देसूरकर मास्तर
खानापूर स्टँडसमोरच्या माझ्या दुकानात यायचे,
पिशवीत वांगी, वांग्यांखाली जर्मन माणूस.
चाळीस पानी वहीत, शाईने:
हिन्रिख ब्रोडरसन. इतिहासकार. पुढे खासदार.
"पानाला बारा रुपये जास्त होतात की गं," म्हणायचे
आणि बारा द्यायचे.

मी डीटीपीवाली. सकाळी कन्नडमधून अर्ज, दाखले,
दुपारी मराठीतून लग्नपत्रिका,
एकाच कीबोर्डावर. भाषा बदलली हे
आधी बोटांना कळतं, मला मागाहून.
त्यात हा आला.

जन्म एका खेड्यात, नदी एवढीशी
की म्हशी अलीकडं बसून पलीकडचं चरायच्या.
"म्हशी नव्हत्या गं तिथं. गाई."
मी गाई केल्या.
आजी चर्चमध्ये एका भाषेत रडायची
आणि बाजारात दुसऱ्या भाषेत घासाघीस करायची.
यात भाषांतर करायचं काय, मी म्हटलं,
हे तर आमच्या नंदगडचंच आहे.
मास्तर तोंडावर हात धरून हसले.
त्या आठवड्यात दात काढले होते.

पुढं तो शिकला. चर्चच्या वह्या चाळून
तीनशे वर्षांची बाळंतपणं, मरणं, दंड उतरवून काढले.
कुणाची गाय कुणाच्या शेतात शिरली, तेही.
पुस्तक गाजलं. लोकांनी उभं केलं. निवडून आला.
राजधानीत पंधरा वर्षं बोलला तो
फक्त पुलांवर आणि जकातीवर.

एका शब्दाला आम्ही अडलो. सरहद्दीचा त्यांचा शब्द.
सीमा म्हटलं की मोर्चा आठवतो, मास्तर म्हणाले.
हद्द म्हटलं की पोलीस.
शीव बरी, पण तिथं नारळ फोडावा लागतो.
मी म्हटलं, कन्नडमध्ये गडी म्हणतात.
"आणि आपल्यात?"
आपल्यात गडी म्हणजे खेळातला. आपल्या बाजूचा.
मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"शीवच ठेव."

पान दोनशे दहा.
सभागृहात ठराव येतो: शिवेवरच्या शाळांतून
आजीची भाषा बंद.
मतदान सुरू. ब्रोडरसन
आणि वही संपली.

पुढच्या गुरुवारी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही.
तिसऱ्या गुरुवारी शटर ओढून मीच गेले,
मलप्रभेचा पूल ओलांडून.
व्हरांड्यात शेंगा फोडत बसले होते.
"तो हात वर करतो," म्हणाले.
"मोजणीत नाव आहे त्याचं.
म्हातारपणी जिल्ह्याचा इतिहास लिहिला, सहाशे पानं.
गाय शिरली तेही आहे.
ते वर्ष तेवढं नाही.
खाली तळटीप: कागद मिळाले नाहीत."

दोन-चार शेंगा. एक किडकी.
मग न विचारताच:
"मी पंचायतीत होतो, एक टर्म. तुझा जन्म नव्हता.
शाळेच्या खोल्यांचा ठराव. कुठल्या माध्यमाला किती.
मी हात वर केला नाही.
खाली ठेवला असंही नाही म्हणा. चहाला गेलो होतो.
पाच मिनिटं. टपरी समोरच की."

ठराव कुणाच्या बाजूचा, मी विचारलं नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
उठताना नवी वही दिली, टरफलं झटकून.
पहिलं पान कोरं,
वर नुसता आकडा, दोनशे अकरा.

दुकानात एक पोरगा कन्नड अर्जासाठी थांबला होता,
त्याचं आधी केलं.
मग दोनशे अकरा उघडलं, लिहिलं:
ब्रोडरसनने हात वर केला.
आणि जरा वेळानं, तळाशी, बारीक अक्षरात:
या वेळी भाषांतरकार चहाला गेले होते.

पुसलेलं नाही अजून.
येतील तेव्हा दाखवीन,
आणि बारा रुपये घेईन पानाचे.