साडेसात चिरे

मोजपट्टी रिक्षात राहिली
हे लक्षात आलं तेव्हा
रिक्षा कॅम्पाच्या चढावर गेलेली.

कागद सरकारी.
प्रत्येक भिंतीचे तीन फोटो,
उभ्या रेषा उभ्याच दिसाव्यात,
आभाळ बेताचं,
बाजूला काळ्या-पांढऱ्या घरांची पट्टी,
आणि खाली ठळक :
चौकटीत माणूस नको.

मी कुडाळचा, स्टुडिओवाला.
माझ्या धंद्यात माणूस नसलेला फोटो
म्हणजे बटण चुकून दाबलं गेलं.
पासपोर्ट, मुंज, बारसं,
एखादा शेवटचा, उशांनी टेकवून बसवलेला.
भिंतीला काय सांगू?
हनुवटी जरा खाली घ्या?

वेंगुर्ल्याची वखार, वलंदेजांची,
सकाळी साडेआठला ओल्या कौलासारखी तांबूस.
वरच्या मजल्याच्या नुसत्या खिडक्या उरल्यात
आणि त्यांच्यातून छप्पर नाही, पिंपळ दिसतो.
भिंत त्यानेच फोडली
आणि आता तोच धरून उभा आहे.
भिंगावर खार बसतो.
दर दहा मिनिटांनी बनियनच्या टोकाने पुसायचं.

गवत कापणारी बाई कोयती ठेवून आली.
"कित्याचे फोटो काढतास? हयसर कायच नाय."
मी कागद दाखवला. तिने तो उलटा धरून
मागची कोरी बाजू बघितली, परत दिला.

पट्टीची अडचण सांगितली,
तर पदर खोचून भिंतीला पाठ लावून उभी राहिली,
टाचा चिकटवून,
शाळेत उंची मोजताना राहतात तशी.
मी डोक्यावर पेन आडवं धरलं
आणि खालून चिरे मोजत आलो.
साडेसात.
"म्हणजे किती?"
साडेसात, म्हटलं.
"बरा. आमचो घोव आठ तरी भरलो असतो."
नाव जयवंती गिरप. मी नोंदवहीत लिहिलं,
उंचीच्या रकान्यात.

सातव्या भिंतीला कोपराच नव्हता.
यादीत लिहिलेलं : नैसर्गिक पडझड.
पण पडलेलं असं पडत नाही,
वरून एकेक थर उतरवून घेतल्यासारखं,
पायऱ्या पायऱ्यांनी.
मी नुसता बघत राहिलो.
ती भारा बांधत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,
"थयसरचे आमच्या न्हाणयेक लागले.
सासऱ्यान गाडयेन हाडले.
तेवा वखार कोणाचीच नाय होती."

न्हाणी घरामागे, माडांच्या आळ्यात पाणी जाईल अशी.
वर पत्रा, कोनाड्यात साबणाची वडी,
घासणीचा काथ्या, एक तुटका आरसा.
चुलीच्या धुराने वरचे दोन थर काळे.
खालच्या चिऱ्यांवर टाकीचे घाव
डावीकडून उजवीकडे उतरलेले,
वखारीच्या भिंतीवर सकाळभर पाहिलेले तसेच.
पाथरवट डावखुरा असेल काय?
हात लावला तर चिरे कोमट होते.
नुकतंच कुणी तरी आंघोळ करून गेलेलं.
साडेतीनशे वर्षांत गरम पाणी
त्यांना इथेच मिळालं असणार.

एक फोटो घेतला.
पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक रुपया
साबणावर पडला होता, तो सरकायच्या आत.

संध्याकाळी रिक्षावाला पट्टी घेऊन आला,
चहाचे पैसे घेतले.
दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा काढलं,
पट्टी लावून, माणसाविना.
एकेचाळीस फोटो पाठवले.
सातव्या भिंतीपुढे शेरा होता तोच ठेवला,
त्यातलं 'नैसर्गिक' दोनदा वाचलं
आणि सही केली.
न्हाणीचा माझ्याकडेच आहे,
त्याला नंबर दिला नाही.

तिचा मात्र मोठा करून नेऊन दिला,
साडेसात चिऱ्यांचा.
ओले हात लुगड्याला पुसून तिने तो लांब धरला,
मग जवळ, मग उजेडाकडे.
"भिंत बरी इली," म्हणाली.