काळ्यातून आलेला

भट्टी मी लावतो. बाराशे अंश,
हायड्रोजन चालू, पाच तास.
आत जाते ती पांढरी पूड, भिंतीच्या रंगातली,
साधीच, तुर्भ्याच्या गोदामातून पोत्यानं येते.
बाहेर येते काळी. कोळशासारखी नव्हे,
निळसर, तव्याच्या पाठीसारखी.
तीन टिटॅनियम, पाच ऑक्सिजन.
पाठ व्हायला मला आठवडा लागला,
बोटांवर मोजून.

खोली क्रमांक चार, महापे, एमआयडीसी.
खिडकीला काळा कागद, त्याच्या एका फटीतून
समोरच्या कारखान्याचा भोंगा ऐकू येतो आणि थोडं ऊन.
नाडगौडा मॅडम चष्मा लावतात, मलाही लावायला लावतात.
हिरवा झोत. पापणी लवायच्या आत
काळ्यावर तपकिरी ठिपका.
मग निळा झोत, त्याच जागी.
ठिपका नाही.
जणू कुणी काही बोललंच नव्हतं.

"पुन्हा."

मी वजन केलं, आधी आणि नंतर.
मॅडम हसल्या, पण थांबवलं नाही.
काटा तिथंच. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही,
आतल्या अणूंनी नुसती बसायची पद्धत बदलली,
पंगतीत कुणी उशिरा आलं की
सगळे जरा जरा सरकतात तसं,
आणि तेवढ्यानं
आतून सरसर धावणारी वीज अडखळायला लागली.

मी विचारलं, जाताना जी वाट, येताना तीच ना?
त्यांनी पावतीच्या मागं दोन रेघा काढल्या,
एक जायची, एक यायची,
मध्ये पोकळी, तांदळाच्या दाण्याएवढी.
"ह्या मधल्या जागेत कणाला
तू कोण, असं विचारून भागत नाही.
विचारायचं, तू आलास कुठून."
पावती चहावाल्याची होती. मी ती खिशात ठेवली.

रबाळ्याच्या घरी जेवताना बाबांना सांगितलं.
ते मीठागरावर होते, खाडीच्या अंगाला,
ऊन तापलं की पाण्यातून दाणे ओढायचे.
"त्यान काय नवीन रं? आमी जलमभर तेच केला."
मी म्हटलं, नाही बाबा, ते विरघळणं.
ह्यात पाणी नाही. कुठं जाणं नाही.
जागच्या जागी.
ते ताटातलं मीठ बोटानं इकडून तिकडं करत राहिले,
मग बोंबलाचा काटा काढून कडेला ठेवला
आणि भात मागितला.

त्या मीठागराला आता सेक्टरचा नंबर आहे.
कुठल्या रंगाचा झोत टाकला तर, वगैरे
मी विचारत नाही.
मी भट्टी लावतो.

एकोणिसाव्या फेरीला कडेचा एक ठिपका
तपकिरीच राहिला.
निळा दिला. जरा वाढवून दिला.
भिंगाखाली तो मोहरीएवढा दिसत होता, आणि हट्टी,
बाकी सगळा नमुना मुकाट काळा.
मॅडमनी वहीत लिहिलं, थकवा,
पुढं प्रश्नचिन्ह, मग ते खोडून पुन्हा प्रश्नचिन्ह.

बाद नमुने लाल पिंपात टाकायचे असतात.
हा मी फिल्मच्या जुन्या डबीत ठेवला,
झाकणावर तारीख घातली, फेरी घातली,
आणि रंगाच्या रकान्यात तपकिरी लिहिता लिहिता
लिहिलं:
काळ्यातून आलेला.